ताप उतरल्यावर

आक्का गेल्याचं दाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "नक्की का?" असं कुणी विचारतं का… पण आदल्याच संध्याकाळी आक्का माझ्याशी चांगली बोलली होती. "दवाखान्यातून घरी आले, ताप उतरलाय, तोंडाला चव न्हाय एवढंच," म्हणाली होती. मी पुण्यात. गाडीत बसेपर्यंत मला वाटत होतं की दाजींचा काहीतरी घोटाळा झालाय.

सुवर्णाआक्का माझी थोरली बहीण. सोलापुरात भवानी पेठेत राहायची, घरी कडक भाकरी करून दुकानांना द्यायची. आमचं माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे ती रागावली की कन्नडमध्ये बोलायची आणि संशय आला की मराठीत. संशय तिला रोज यायचा. दुकानातून आणलेली ज्वारी ती घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. पेठेत पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवर पिंपं भरलेली असायची, ती तपासायला आरोग्य खात्याच्या बायका आल्या, की त्यांना दारातच उभं करून म्हणायची, "आत कशाला? माजं मी बघते की." शेजारचे हसायचे. मला मात्र तिच्या संशयाला कधी हसता आलं नाही. माझं लग्न जेऊरकडच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. घरात सगळे खूश, आक्का सोडून. मुलाची आई निघून गेल्यावर म्हणाली, "आपण विचारायच्या आधीच तिचं उत्तर तयार. पाठ करून आलीय बाई." कुणाला न सांगता ती एकटी रेल्वेनं तिकडे गेली, गावात चार घरी पाणी प्यायली, आणि परत येऊन म्हणाली, "त्याचं एक लगीन झालंय. बायको माहेरी हाय." तिथून पुढं तिला कशावर संशय आला की मी तिच्याच बाजूनं असायचे.

यंदा गणपती झाल्यावर तिला ताप भरला. तपासणीत डेंग्यू निघाला, दाजींनी दवाखान्यात ठेवलं. पुढचं सगळं मला त्यांनी नंतर थोडं थोडं करून सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी डेंग्यू झाला होता का? साखर आहे का? आक्का दोन्हीला न्हाय म्हणाली. काही वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन ती घरच्या घरी बरी झाली होती, आणि साखरेची गोळी रोज घेत होती. डॉक्टरांची पाठ वळल्यावर दाजींना म्हणाली, "आपण एक सांगितलं की ते धा शोधत्यात." रक्तात साखर वाढलेली दिसली, तर ती सलाइननं वाढली म्हणाली. मग ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "आता खरं जपायचंय, दोन दिवस राहा." तिथं तिचा संशय पक्का झाला. "आजारी व्हते तवा ठिवलं ते ठीक. बरी झाले तरी कशापायी ठिवतायत?" सही करून ती घरी आली. सकाळी पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या थांबेनात. दवाखान्यातल्या गोळ्यांनीच झालं म्हणत तिनं दुपार केली. हातपाय गार पडले तेव्हा दाजींनी रिक्षा आणली.

पाहुणे म्हणत होते, दवाखान्यानंच घोळ घातला, तक्रार करा. मलाही तसंच वाटत होतं. दिवसकार्य झाल्यावर मी दाजींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. आक्कानं शिकवलं होतं तसं बघत बसले होते, ह्यांचंही उत्तर आधीपासून तयार आहे का… त्यांनी आधी आक्काचे कागद काढून पुन्हा वाचले. मग त्यांनीच विचारलं, "त्यांना याआधी डेंग्यू झाला होता का? त्या नाही म्हणाल्या होत्या."

"झाला व्हता," दाजी म्हणाले. "तिनं न्हाय म्हटलं तवा मी तितंच व्हतो."

डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो, त्यात साखर असली तर धोका आणखी. ताप उतरतो तेव्हाच कधीकधी रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं, माणसाला मात्र बरं वाटत असतं. तरीही मी विश्वास ठेवला नाही. पुण्यात आणखी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघंही तेच म्हणाले. तरी तिला याहून जास्त कुणी अडवलं असतं तर, हे मनातून जात नाही…

मागच्या आठवड्यात दाजींना कणकण आली. मी सोलापुरातच होते, त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत दाजी सांगायला लागले, "साखर न्हाय. बीपीची गोळी हाय. बायको डेंग्यूनं गेली. मला आधी कदी झाला न्हाय." मी त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. साधा ताप निघाला. खाली औषधाच्या दुकानात त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली आणि मुदतीची तारीख वाचली. मग पट्टी माझ्या हातात दिली.

"तू बी बघ," म्हणाले. "आक्का दोनदा बघायची."