यमुनेची गाठ आणि माझा तांब्याभर सोडा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी दात काढले की मला खपत नाही. दवाखान्यात मी असे काही दिवे लावले, की तिथं अजून माझी आठवण काढतात म्हणे!

मी शाळेची पायरी चढले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. त्यामुळं मला कुणी शिकवायला आलं, की मी त्यालाच शिकवून परत पाठवते. आमच्या शहागंजच्या गल्लीत कुणाचा रिपोर्ट आला, की डॉक्टरच्या आधी माझ्यापुढं!

तर माझी धाकटी जाऊ यमुना, फुलंब्रीला असते. तिच्या लिव्हरला गाठ निघाली. औषध सुरू झालं. ते लागू पडतंय का, हे बघायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "अशा गाठीभोवती आम्लता जास्त असते. ती एमआरआयच्या मशीनवर मोजायची नवी पद्धत आम्ही वापरून बघतोय. त्यासाठी गाठीचा तुकडा काढावा लागत नाही. आम्लता उतरली असेल, तर औषध काम करतंय असा अंदाज येतो. फक्त सकाळपासून पोटात काही नको."

बाहेर आल्यावर यमुनेनं माझा हात गच्च धरला. "आक्का, नाय उतरली तर?"

"कशी नाय उतरत? मी हाय ना!"

इथंच माशी शिंकली. गावात तपासणीला साहेब येणार म्हटलं, की आपण काय करतो? आदल्या दिवशी शाळेच्या भिंतीला चुना मारतो. साहेब खूश! मग यमुनेच्या पोटाची तपासणी, आणि मी हातावर हात धरून बसू? पित्त झालं की खायचा सोडा चालतो, मग गाठ काय आभाळातून पडली?

तपासणीच्या सकाळी तांब्याभर पाण्यात सोडा ढवळला. मोजून नाही, सढळ हातानं!

"आक्का, पोटात काई नको म्हणल्या न्हवं त्या?"

"सोडा म्हंजी जेवण हाय का? पी मुकाट!"

प्याली बिचारी. माझ्यापुढं बोलायची कुणाची हिंमत?

तिला मशीनमध्ये घातलं. मी दाराबाहेर. मशीन चालवणारी मुलगी माइकवर म्हणाली, "आजी, श्वास धरा. हलू नका."

आतून, "अऽऽब!"

"श्वास धरा, आजी!"

"अऽऽऽब!"

ते मशीन काय कमी आवाज करतं? पण यमुनेचा ढेकर त्याच्याही वरताण! मुलगी वैतागली. "सगळी चित्रं हलायलीत."

मी दार ढकलून आत. "चित्रं हलायलीत? तुमचं मशीनच खटखट करायलंय! एवढं मोठं धूड घेतलं, त्याला वंगण घालायचं कळत नाय व्हय?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. यमुनेला बाहेर काढलं. "सकाळी काही घेतलंत का?"

यमुनेनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. तिनं ओठ घट्ट मिटले. पण पोट कुणाच्या बापाला भितंय?

"अऽऽब! सोडा घेतला, बाई. आक्कानं दिला. गाठ चांगली दिसावी म्हणून."

आता लपवून काय करता? मी चुन्याचं सगळं सांगितलं, तेही ताठ मानेनं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजी, सोड्यानं गाठ बरी होत नाही. आणि मला चुना मारलेली भिंत नकोय. खाली ओल आहे का, तेच बघायचंय. ओल दिसली नाही, तर मी चुकीचंच औषध चालू ठेवीन. मग यांचं काय?"

यमुना खाली बघत पदर पिळत होती. मी कमरेला खोचलेली उरलेल्या सोड्याची पुडी काढली आणि तिच्या पिशवीत टाकली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नंबर लागला. काळजीनं रात्रभर माझ्या छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. यमुना उपाशीपोटी आत गेली. या वेळी चूं नाही की चां नाही. चित्रं निघाली, यमुना बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी चित्रं बघितली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आम्लता उतरलीय. औषध लागू पडतंय असं दिसतंय."

यमुनेचे डोळे भरले. माझेही भरले, पण मी छाती चोळत होते.

"आक्का, काय व्हायलंय?"

"पित्त झालंय गं."

तिनं पिशवीत हात घातला. उरलेला सोडा! बाटलीतल्या पाण्यात ढवळून माझ्यापुढं धरला. मी कांकू करायला लागले, तशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पी मुकाट!"

प्याले. आणि असा ढेकर दिला, की आतून ती मुलगी ओरडली, "आजी, श्वास धरा!"