बी साइडवरचा कुकर

नमस्कार मंडळी. गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायचं आणि खाली खोचक कमेंट टाकायची एवढंच काम केलंय. "साक्षीदार कोण?", "त्या दिवशी ताप होता का?" असं विचारणारी ती आगाऊ बाई मीच. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहते, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. भूतबित, आत्माबित्मा मी कधीच मानलं नाही... आणि आता मीच माझा अनुभव टाइप करतेय. भीतीनं नाही हं, आनंदानं!

आधी त्या अल्बमबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

एक जुना, जगप्रसिद्ध इंग्लिश रॉक बँड आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये मारामारी सुरू होईल. त्यांचे गाजलेले अल्बम सगळ्यांना माहीत आहेत. हा मात्र त्यांचा दुसरा, म्हणजे नाव व्हायच्या आधीचा. कट्टर चाहतेही याला "कच्चा" म्हणून बाजूला सारतात. गायकाचा आवाज अजून बसलेला नाही, ड्रमर किंचित मागे रेंगाळतो आणि एक गाणं तर संपता संपत नाही.

माझ्या दादाला हाच अल्बम मिळाला, कारण बाकीच्यांना तो नको होता. आमचं गाव वडनेर, हिंगणघाट तालुक्यात. दादा तेव्हा अकरावीत होता. त्याच्या वर्गमित्राचा भाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता, त्यानं कॅसेटी आणल्या. चांगल्या चांगल्या आधीच वाटल्या गेल्या आणि उरलीसुरली दादाच्या वाट्याला आली, तीसुद्धा एका दिवसापुरती.

दोन कॅसेटींचा डबल डेक टेप कोणाकडे असणार? मग दादानं आमचा टेप आणि मित्राचा टेप असे दोन टेप समोरासमोर ठेवले. एकात गाणी लावायची, दुसऱ्यात रेकॉर्डचं बटण दाबायचं. आणि घरात सक्त ताकीद... कॅसेट संपेपर्यंत कोणी शिंकायचंही नाही. मी तीन वर्षांची, म्हणून मला शेजारी नेऊन सोडलं. आई वरण-भाताचा कुकर भरून तयार होती, पण शिटी टेपमध्ये जाईल म्हणून तिलाही थांबवलं.

बी साइडवर एक गाणं आहे. त्यात मधेच सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. मग थोड्या शांततेनंतर एकटी गिटार हळूच परत सुरू होते. आईला काय माहीत? तिला वाटलं, झालं. कॅसेटमध्ये त्या शांततेत स्पष्ट ऐकू यायचं -

"झालं का रे बाबू? लावू का कुकर?"

आणि लगेच दादाचा वैतागलेला आवाज, "थांब नं वो आई!"

पुढच्याच वर्षी आई काविळीनं गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. माझ्यासाठी आई म्हणजे ती दोन वाक्यं. "लावू"मधला ऊ ती थोडा ओढायची. मी ते ऐकत मोठी झाले, नववीत असताना टेपनं कॅसेट गिळेपर्यंत. सेलोटेप लावून पाहिला, पेन्सिलनं गुंडाळून पाहिली, पण काही उपयोग झाला नाही. पुढे नागपूरच्या होस्टेलवर खरा अल्बम ऐकला. ती शांतता आली आणि नुसतीच शांतता. मी खोलीबाहेर जाऊन रडले आणि तो अल्बम परत लावला नाही.

दादानं तर गाणी ऐकणंच सोडलं. वडनेरला शेती करतो, भाजीपाला काढतो. मागच्या दिवाळीत त्याच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, विचारलं, "बाबा, आजीचा आवाज कसा होता?" दादानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "चेहरा आठवते बेटा. आवाज नाई आठवत." आणि ताटावरून उठून वावरात निघून गेला. मला ते फार लागलं, कारण मी तरी किती वेळा नक्कल करून दाखवणार? माझा आवाज माझाच येतो.

आता या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती आणि नवरा बाहेर गेला होता. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मोबाइलवर दिसलं की त्या दुसऱ्या अल्बमची नवी, साफसूफ केलेली आवृत्ती आलीय. म्हटलं, बघू तरी. स्पीकरवर लावला.

अहो, काय अल्बम आहे! मी इतकी वर्षं उगाच रुसून बसले होते. तो ड्रमर मागे रेंगाळतो म्हणून तर गाणं झुलतं! गायक घाबरलेला आहे, पण ते लपवत नाही. मी शेंगा सोडून मान डोलावत होते. मग ते गाणं आलं आणि वाद्यं थांबली.

"झालं का रे बाबू? लावू का कुकर?"

तोच ऊ, तोच ओढलेला.

मी गाणं मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही तेच. मग माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. इअरफोन लावून ऐकलं, तर काही नाही. स्पीकरवर लावून दुसऱ्या मोबाइलनं रेकॉर्ड केलं, त्यात नुसता बाहेरचा कावळा. पण खोलीत बसून स्पीकरवर ऐकलं की आई येत होती. फक्त एक फरक होता. जुन्या कॅसेटमध्ये तिच्यामागे दादाचा आवाज यायचा, इथे तो नव्हता. ती विचारायची आणि गिटार सुरू व्हायची.

दादाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं नाही, फक्त ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या मार्केटात माल उतरवून दुपारी आला, हातात वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पिशवी.

"काऊन वं बेबी, इतक्या घाईनं काऊन बलावलं? तब्येत बरी हाय नं?"

"बस. एक गाणं ऐक."

"याच्यासाठी बलावलं?" तो हसला. पण पहिलं गाणं सुरू होताच पिशवी खाली ठेवून बसला. मग त्याचं बोट गुडघ्यावर वाजायला लागलं. "हा ड्रमवाला मागंच राह्यते पाह्य," म्हणाला. इतक्या वर्षांनीही त्याला सगळं पाठ होतं. मी त्याच्याकडेच बघत होते. सारखं वाटत होतं, त्याला नाही ऐकू आलं तर? मला वेड लागलंय असं ठरलं तर?

वाद्यं थांबली.

"झालं का रे बाबू? लावू का कुकर?"

दादाचं बोट तिथल्या तिथे थांबलं. त्यानं माझ्याकडे नाही, स्पीकरकडे पाहिलं. डोळे भरून आले आणि तो अगदी हळू, लहान पोरासारखा बोलला,

"झालं वो आई. लाव."

मग गिटार आली. आम्ही दोघंही हललो नाही. शेवटचं गाणं संपत आलं आणि त्याच्यावरून एक लांब शिटी ऐकू आली. कुकरची. मी धावत स्वयंपाकघरात गेले. माझा कुकर घासून पालथा घातलेला होता, गॅस बंद होता. शेजारच्यांकडे कुलूप होतं. आणि लक्षात घ्या, जुन्या कॅसेटमध्ये शिटी कधीच नव्हती.

परत आले तर दादा रडत होता आणि हसतही होता.

"मी तिले थांब म्हटलं होतं वं. मंग रागारागात मित्राचा टेप घेऊन त्याच्याकडं गेलतो, तिथंच जेवलो. लाव म्हणाचं राहूनच गेलं."

ते गाणं आम्ही त्याच दुपारी पुन्हा लावलं. शांतता रिकामी होती. तेव्हापासून रिकामीच आहे. पुण्यातल्या मैत्रिणीला तीच आवृत्ती ऐकायला लावली, तिला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणाल आठवणीचा खेळ. मीही तेच म्हटलं असतं. पण मग दोघांना एकाच वेळी कसा झाला, आणि ती शिटी कुठून आली? "साक्षीदार कोण?" विचाराल तर दादा आहे.

परवा भाचीचा फोन आला. "आत्या, बाबा आजीचा आवाज काढून दाखवते. ऐक बरं, असाच होता का?" मग दादाचा घोगरा आवाज आला, "झालं का रे बाबू? लावू का कुकर?"

ऊ बरोबर ओढला होता.

"अगदी असाच होता," मी म्हटलं. पलीकडून भाची म्हणाली, "मंग आता मलेही येते," आणि तिनं म्हणून दाखवलं.