समोरच्या बाजूची हनुवटी

मार्लचेस्टरच्या मोठ्या रस्त्यावर तेव्हा दोन दुकानं समोरासमोर होती. एक बी-बियाण्यांचं आणि बागेच्या अवजारांचं. तिथे काउंटरमागे लेनर्ड हॅक्सबी उभा असे. दुसरं पुरुषांच्या कपड्यांचं. तिथे गळ्यात टेप अडकवून सिरिल ओडी. लेनर्डला नवी पँट हवी असली की तो बसने शेजारच्या गावी जाई, आणि सिरिल कांद्याचं बी टपालाने मागवी. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच. कॅथीड्रलमध्ये नवा पाद्री आला की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगे, "या दोघांना चहाला एकदम बोलवू नका."

आणि तरीही रोज संध्याकाळी साडेपाचला हे दोघं लांब पांढरे झगे घालून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत गात.

कॅथीड्रलच्या रचनेपुढे कुणाचा इलाज नव्हता. गाणाऱ्यांची बाकं समोरासमोर, मध्ये दगडी फरशीची वाट. पुढच्या रांगेत मुलं, मागे मोठी माणसं. रोजच्या तारखेची स्तोत्रं ठरलेली. एक चरण दक्षिणेच्या बाकांनी म्हणायचा, पुढचा उत्तरेच्या. सिरिल दक्षिणेचा, लेनर्ड उत्तरेचा आणि दोघंही खर्जाचे. म्हणजे ज्या माणसाला लेनर्ड "आज गारठा आहे" एवढंसुद्धा म्हणत नसे, त्याला तो रोज देवाच्या शब्दांत उत्तर देत होता. देवाला याची गंमत वाटत असावी.

ऐकायला कुणी असो नसो, गाणं व्हायचंच. जानेवारीत तर समोर दोन म्हाताऱ्या आणि शेकोटीच्या आशेने आत शिरलेला एखादा पोस्टमन, एवढेच भाविक असत. लोखंडी शेगड्यांचा धूर, ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद, आणि उंच छतातल्या अंधारात विरून जाणारं शेवटचं आमेन. आता त्या रस्त्यावर ना बियाण्यांचं दुकान राहिलं ना कपड्यांचं, पण त्या दिवसांबद्दल बोलायला लागलं की जुन्या लोकांना हा वासच आधी आठवतो.

भांडणाचं कारण गावाला पाठ होतं. वीसेक वर्षांपूर्वी, नाताळच्या आधीच्या रविवारी, खर्जाचं एक मोठं एकट्याचं गाणं लेनर्डला मिळालं होतं. त्या दिवशी त्याची बस बर्फात अडकली. धापा टाकत, झग्याची बटणं लावत तो दारापर्यंत पोचला, तेव्हा सिरिलने ते गाणं उचललंही होतं. नंतर सिरिल म्हणाला, "कुणीतरी गायलाच हवं होतं ना." तेव्हापासून लेनर्डने त्याच्याशी बोलणंच सोडलं. एका गाण्यापायी एवढं वाकडं? लोक विचारत. लेनर्ड बर्फाचं आणि बसचं सांगे. बायकोलाही, डोरीनलाही, त्याने याहून जास्त कधी सांगितलं नव्हतं.

पन्नाशी उलटली आणि लेनर्डचे कान गेले. एकदम नाही गेले. लग्नघरातून पाहुणे निघतात तसे आवाज एकेक करून निघून गेले. आधी पाखरं गेली, मग मुलांचे उंच स्वर, मग ऑर्गनचे हळुवार सूर. स्वतःचा खर्ज त्याला छातीच्या हाडांत कळे आणि सूर तो शेजारच्याच्या अगदी कोपराला खेटून कसाबसा उचली. पण सुरुवात कधी करायची? स्तोत्राला ना ताल ना ठेका. सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा आणि एकत्र निघायचं, बस्स. एक जण चुकला की नागडा उभा राहिल्यासारखं होतं.

डोरीनच्या लक्षात आलंच.

"लेन, त्या मिसेस क्रॅबने मटारचं बी मागितलं आणि तू तिच्या हातात सुतळी ठेवलीस."

"मटार चढवायला सुतळी लागतेच."

"गायनमास्तरांना सांगून टाक एकदाचं. जागा जाईल तर जाऊ दे. संध्याकाळी घरी येशील, ताट गरम असेल तोवर जेवशील."

"आणि साडेपाचला काय करू?"

  दुकान लेनर्डचं नव्हतं, मालकाचं होतं. पोरंबाळं झाली नाहीत. या जगात त्याची म्हणावी अशी ती एकच जागा होती, उत्तरेच्या मागच्या रांगेतलं टोकाचं लाकडी आसन. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो रोज जात राहिला.

मूठ झाकलेली राहिली ती सिरिलच्या हनुवटीमुळे. सिरिलला एक सवय होती. प्रत्येक चरणाआधी तो हनुवटी किंचित उचली, कोंबडा आरवायच्या आधी उचलतो तशी. त्याच्या बाजूच्या चरणाआधी तर उचलीच, पण उत्तरेच्या चरणाआधीही, जेव्हा त्याला गायचंच नसे. लेनर्डला वाटे, जुना गवई आहे, सगळ्यांबरोबर श्वास घेतो. त्याने ती हनुवटी धरली. हनुवटी वर गेली की निघायचं. वर्षानुवर्षं त्याची एकदाही चूक झाली नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच तोंडावर आपली भाकरी भाजतोय, याची लाज त्याला रोज वाटे, आणि रोज साडेपाचला तो पुन्हा तिकडेच बघे.

मग सिरिलचं वय झालं. नियमाप्रमाणे त्याने नाताळनंतर आसन सोडलं. झगे ठेवायच्या खोलीत शेरीचे छोटे पेले फिरले, कॅथीड्रलचे प्रमुख डीनसाहेब चार शब्द बोलले. लेनर्ड भिंतीला टेकून पेल्याकडे बघत राहिला. सिरिल कोट चढवून त्याच्या पुढ्यातून गेला तेव्हा लेनर्डने पेला खाली ठेवला, पण वीस वर्षांचं कुलूप असं शेरीने उघडत नाही.

सिरिलच्या जागी एक दाढीवाला तरुण आला. आवाज उत्तम, पण सगळं तोंड पुस्तकात आणि हनुवटी केसांत. लेनर्डने महिनाभर कसंबसं रेटलं. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला मात्र नशीब आडवं आलं. पंधराव्या संध्याकाळचं स्तोत्र म्हणजे सगळ्यात लांब. दोन्ही बाजू थकून जातात, मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात, तरी ते संपत नाही. अर्ध्यावर लेनर्डचा हिशेब चुकला. दक्षिणेच्या चरणाआधीच्या शांततेत तो एकटाच, भरदार आवाजात निघाला. अख्खा शब्द पुरा होईपर्यंत त्याला कळलं नाही की आपल्याबरोबर कुणीच नाही. कळलं ते समोरच्या मुलांचे खांदे हलताना पाहून.

गायनमास्तर मिस्टर पेनरोज नवे होते, वयाने निम्मे, पण माणूस सरळ. बाहेर पडताना लेनर्डच्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "मिस्टर हॅक्सबी, शुक्रवारी प्रार्थना संपली की जरा थांबाल?"

शुक्रवारी ऑर्गन नसतो. नुसते गळे. लेनर्डने दुपारीच ठरवलं, आज शेवटचं गायचं आणि आपणच जागा सोडतो म्हणून सांगायचं; ढकलून काढण्यापेक्षा ते बरं. डोरीनने त्याची कॉलर स्वतः इस्त्री करून दिली.

तो आसनापाशी उभा राहिला.  समोर दक्षिणेच्या गाणाऱ्यांच्या मागे, भाविकांसाठी असलेल्या उंच बाकावर, ओव्हरकोट घातलेला सिरिल ओडी बसला होता. हातात स्तोत्रांचं पुस्तक, बंद.

दक्षिणेने पहिला चरण म्हटला. सिरिलचे ओठ हलले नाहीत. चरण संपला, शांतता झाली आणि सिरिलची हनुवटी वर गेली.

लेनर्ड निघाला. अगदी वेळेवर निघाला. पुढच्या चरणाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. जो गातच नाही, त्याला श्वास घेऊन काय करायचंय? ही सवय नव्हतीच, कधीच नव्हती. हा माणूस इतकी वर्षं आपल्यासाठी मान वर करत होता. लेनर्डच्या डोळ्यांसमोर पुस्तक धूसर झालं. बरं झालं, त्याला पुस्तकाकडे बघायचंच नव्हतं.

प्रार्थना संपल्यावर पेनरोज म्हणाले, "आज तर सगळं चोख होतं. परवा काय झालं होतं?"

सुटायची वाट आयती समोर होती. पण ती घ्यायचं लेनर्डच्या जिवावर आलं. "माझे कान गेलेत, सर. फार दिवस झाले. आज सिरिल ओडी समोर होता म्हणून निभावलं. त्याच्याकडे बघून गातो मी."

पेनरोज कागद गोळा करायचे थांबले. "आवाजाला तर काहीच झालेलं नाही तुमच्या," ते मोठ्याने, नीट तोंड उघडून म्हणाले. "ते रोज येऊन बसतील?"

"माहीत नाही. आम्ही बोलत नाही."

"मग विचारा," पेनरोज म्हणाले. "ते येत असतील तर जागा तुमची."

लेनर्ड बाहेर आला. हिरवळीवरच्या दिव्याखाली सिरिल हळूहळू चालला होता, गुडघ्यांनी अधू झालेला म्हातारा. लेनर्डने हाक मारली. ते नाव त्याच्या तोंडाला इतकं परकं झालं होतं की पहिल्यांदा नुसता खाकरच निघाला.

सिरिल वळला. "काय रे? माझ्याकडून पँट शिवून घ्यायचीय?" मग लेनर्डचा चेहरा पाहून जवळ आला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बोल."

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"एकदा ऑर्गन थांबला आणि तू थांबला नाहीस, तेव्हापासून. उत्तरेच्या बाजूला ओरडणारा बैल कुणाला हवाय? म्हणून उचलत होतो मान. परवाचं गावभर झालं, म्हणून आज आलो."

"तू रोज येशील का, हे विचारायचंय मला," लेनर्ड म्हणाला. "पण त्याच्या आधी तुझं काहीतरी माझ्याकडे राहिलंय, ते देतो."



"त्या रविवारी माझी आई आली होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तिला बसवलं होतं मधल्या दगडी भिंतीच्या पलीकडे, तिथून गाणारे दिसत नाहीत, नुसतं ऐकू येतं. बाहेर भेटली तर माझे हात धरून रडायला लागली. म्हणाली, लेनर्ड, तुझा एवढा चांगला आवाज मला माहीतच नव्हता, माझ्या जन्माचं सार्थक झालं. मी काय सांगणार होतो तिला? वसंत यायच्या आत गेली ती. ते शब्द तुझे होते, सिरिल. मी ठेवून घेतले, आणि राग तुझ्यावर काढला."

सिरिलने टोपी काढली, पुन्हा घातली. तो पुन्हा लेनर्डच्या कानाशी वाकला. मग त्याने विचारलं, ते कुणी गवईच विचारू जाणे.

"कुठे रडली ती?"

"शेवटी. तू सगळ्यात खालच्या सुरावर जाऊन थांबलास तिथे."

"तिथे माझा श्वास संपला होता रे."

"ठाऊक आहे," लेनर्ड म्हणाला. "मी दारात उभा होतो. सूर थोडा उतरलाच होता तुझा."

सिरिल हसला, आणि हसताना त्याने डोळ्यांना हातमोजा लावला. "उद्या येतो," तो म्हणाला. लेनर्डला ऐकू आलं नाही, पण त्याने सिरिलच्या ओठांवरून वाचलं.