एकतीसवर थांबलेला कॅमेरा

रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. नळाच्या तोट्या आणि गंजलेल्या कुलपांच्या ढिगात कॅमेरा दिसला, की भिंग उन्हाकडे धरून आत बुरशी आहे का बघायचं आणि लगेच मागचं झाकण उघडायचं, ही हाताची सवयच झालीय.

परवा एका कॅमेऱ्याच्या, किती फोटो काढले ते दाखवणाऱ्या बारीक खिडकीत एकतीस आकडा दिसला, तरी हात थांबला नाही. झाकण उघडलं, तर आत रोल. त्यावर लख्ख ऊन पडलं, म्हणजे काढलेले सगळे फोटो गेले. झाकण उघडलं की येतोच, तसा खिडकीतला आकडा टक्कन शून्यावर आला.

“आत कुणाचे तरी फोटो होते हो,” मी विकणाऱ्या काकांना म्हणालो.

“असतील. कॅमेरा चालतो ना?”

चालत होता. कुणीतरी एकतीस वेळा ‘हलू नका’ म्हटलं असेल.

तो मी घेतला नाही. बाजार मात्र सुटत नाही. आता हातात कॅमेरा आला, की आधी ती खिडकी बघतो. बहुतेकांत शून्यच असतं. पूर्वी वाटायचं, रिकामा आहे. आता वाटतं, माझ्याआधी कुणीतरी उघडून गेलंय.