निळी चघळणी

आमच्या टीव्हीच्या रिमोटला बटणं नाहीत. होती, ती माझ्या लेकीनं चावून काढली. तिच्या फ्रॉकच्या सगळ्या कॉलरी कुरतडलेल्या आहेत, पेन्सिलींची मागची टोकं चेचलेली आहेत आणि माझ्या मंगळसूत्राची एक वाटी चपटी झाली आहे. मी घरी साड्यांना पिको-फॉल करून देते. माझ्या मापाच्या टेपवर चाळीस इंचांपुढचे आकडे उरलेले नाहीत. ते तिनं चघळून पुसले, त्यामुळं लांब माप मी अंदाजानंच घेते. अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

लेक सात वर्षांची आहे आणि तिला ऑटिझम आहे. ‘पाणी’, ‘चल’, ‘नको’ एवढं बोलते, बाकी वेळ गुणगुणते. नवरा ईट गावच्या शाळेत मास्तर आहे, सोमवारी जातो आणि शनिवारी येतो. लेकीला दर पंधरवड्याला सोलापूरला दाखवायला न्यावं लागतं आणि तुळजापूरहून ते जवळ पडतं, म्हणून आम्ही दोघी इथं खोली घेऊन राहतो. लेक इथल्याच शाळेत जाते. शनिवारी बाप आला की ती त्याच्या शर्टाची बाही तोंडात धरते आणि तो बाही ओली होईपर्यंत हलत नाही. बाकीचे पाच दिवस मी आणि ती. दिवसभरात माझा आवाज मला शिलाई मशीनपेक्षा कमी ऐकू येतो.

सल्ल्यांची मात्र कधी टंचाई पडली नाही. जंत झालेत, कॅल्शियम कमी पडतंय, लाड लई झालेत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं मी अशा बायांना तोंडावर म्हणत असे, आणि माझ्याकडं कुणी बसायला येत नाही याचं निम्मं कारण तेच असावं. पण एकदा मीही त्यांचं ऐकलं. लेकीच्या कॉलरीला कारल्याचा रस लावला. ती चघळत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंड वाकडं होत होतं, तरी चघळत राहिली. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

आमच्या घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना काकू म्हणते. दर मंगळवारी संध्याकाळी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. परडी म्हणजे देवीच्या नावानं पूजलेली टोपली. काकू दारात उभ्या राहून ‘उदो’ म्हणायच्या, घरच्या बाईनं परडीत मूठभर पीठ घालायचं, हळदीकुंकू लावायचं. काही वाड्या-बंगल्यांच्या बाया त्यांची वाट बघत असत, पण पाचांतलं पहिलं घर आमचं होतं. मी बाहेरून आलेली भाडेकरीण, मला त्या पहिल्या घराचा किती अभिमान वाटायचा हे मी कधी त्यांना सांगितलं नाही.

एका मंगळवारी काकूंनी लेकीला मांडीवर घेतलं आणि तिनं त्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ तोंडात धरली. मी धावले तोवर दोरा तुटला होता. कवड्या फरशीवर घरंगळत मशीनखाली गेल्या. देवीची माळ तुटली, तीही उष्टी होऊन. गुडघ्यांवर बसून काकूंनी एकेक कवडी वेचली, मोजली, पदराला बांधली आणि वर गेल्या. पुढच्या मंगळवारी त्या आमच्या दारावरून सरळ शेजारी गेल्या. पीठ भरलेली वाटी माझ्या हातात तशीच राहिली. गल्ली काय, मालकिणीच्या पावलावर पाऊल टाकते. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. बायका समोरून आल्या तर हसायच्या, पण पोरांना दुसऱ्या बाजूला घ्यायच्या.

सोलापूरच्या थेरपीच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला चावल्यानं बरं वाटतं. गोंधळ झाला, आवाज वाढला की तिचा जबडा काम मागतो. तुम्ही नखं खाता, तसंच.” मी हात पदराखाली घेतला. “चावणं बंद करू नका,” त्या म्हणाल्या, “चावायला चांगलं काहीतरी द्या.” आणि त्यांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं.

ते मी मागवलं. निळ्या रंगाचा, अंगठ्याएवढा, पाण्याच्या थेंबासारखा लोलक. मऊ पण चिवट, दातांनी तुटत नाही, साबणानं धुता येतो. गळ्यात अडकवायची दोरी, आणि दोरीला मागे एक खटका, कुणी जोरात ओढलं तर आपोआप सुटणारा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मी त्याला चघळणी म्हणायला लागले.

लेकीनं आधी ते हुंगलं. मग दाढेखाली धरलं आणि तिचे खांदे खाली आले. तिचे खांदे एरवी कानांना लागलेले असतात, हे मला ते खाली आल्यावर कळलं. ती भिंतीला टेकून बसली, गुणगुणत, एकाच सुरात, तासभर. मी चहा केला आणि गरम असताना प्यायले. खूप दिवसांनी मला माझ्या घरात बसल्यासारखं वाटलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला घेऊन दुकानात निघाले होते. काकू जिन्यातून उतरत होत्या. कित्येक महिन्यांनी त्या थांबल्या.

“काय गं हे लेकराच्या गळ्यात?”

खरं सांगायला मला सात-आठ वाक्यं लागतात. ती मी आधी अनेकांना सांगितली होती, आणि तिसऱ्या वाक्याला ऐकणाऱ्याची नजर कुठं जाते ते मला पाठ होतं. मी दमले होते. मी म्हणाले, “देवीचं आहे.”

“व्हय?” काकूंचा चेहरा पार बदलला. त्यांनी वाकून लोलकाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. “मग आईच बगून घील समदं. कुठनं आनलंस?”

“माहेराकडून,” मी म्हणाले. एका खोट्याला दुसरं लागतंच.

त्या मंगळवारी दारात ‘उदो’ आलं. मी ओंजळभर पीठ घातलं, मुठीवर भागवलं नाही. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. दुकानात बाया लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. गोष्ट शाळेतही पोचली. शाळेच्या बाईंनी तर तिला दाराजवळून उचलून पहिल्या ओळीत बसवलं, कारण आता मुलं तिच्या शेजारी बसायला भांडत होती. मी रोज संध्याकाळी दारात बसू लागले, आणि कुणीतरी येऊन माझ्याजवळ बसायचं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नळाचं, असलंच बोलणं असायचं. मला ते फार फार आवडायचं. लबाडी करून मिळवलं होतं, तरी आवडायचं.

तिसऱ्या आठवड्यात लेकीच्या मनगटावर वण दिसले. दातांचे. आधी एक, मग तीन. ती स्वतःला चावत होती, आणि तेही शाळेतून आल्यावर दिसायचं. मी दुसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत शाळेत गेले.

वर्गात फळ्याच्या वर देवीची तसबीर होती. तिच्या खिळ्याला माझ्या लेकीची चघळणी लटकवली होती. खाली एक झेंडूचं फूल वाहिलेलं. लेक पहिल्या ओळीत, तोंडात मनगट घेऊन, वर त्या निळ्या लोलकाकडं बघत बसली होती. मुलं तिच्याभोवती शहाण्यासारखी बसली होती. एका मुलीनं तिच्या तोंडातून हळूच हात काढला, फ्रॉकला पुसला आणि मांडीवर ठेवला. लेकीनं तो परत तोंडात घातला.

“तुम्ही काळजी करू नका,” शाळेच्या बाई मला म्हणाल्या. “ती सारखं तोंडात घालते हो ते. देवाची वस्तू उष्टी व्हायला नको म्हणून मी आल्या आल्या काढून वर ठेवते. जाताना घालते परत.”

किती प्रेमानं केलं होतं त्यांनी. कवड्यांच्या माळेचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलेली मी, देवीचं म्हटल्यावर कुणी ते तोंडात घालू देणार नाही, एवढं मला सुचू नये? मला ‘माहेराकडून’ असं रचायला सुचलं, हे नाही सुचलं. तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण मला संध्याकाळचं दार दिसलं, दारात बसलेल्या बाया दिसल्या. मी म्हणाले, “बरं केलंत.” आणि लेकीला तशीच सोडून घरी आले. माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दोन शब्द कोणते, तर ‘देवीचं आहे’ हे नाहीत. हे आहेत.

आणखी चार दिवस मी गप्प राहिले. लेक घरी आली की चघळणी तिला भरपूर द्यायची, वणांवर तेल-हळद लावायची, दार उघडून बसायचं. मनाला सांगायचे, भागतंय.

मंगळवारी काकू आल्या. बरोबर गल्लीतल्या दोघी होत्या. बाहेर यात्रेकरूंची गर्दी, संबळ वाजत होता, आणि लेक कान दाबून कोपऱ्यात चघळणी चावत बसली होती. काकूंनी परडी खाली ठेवली. “असं न्हाय करू माय,” म्हणत त्यांनी तिची हनुवटी धरली, चघळणी तोंडातून काढली, पदरानं पुसली, कुंकू लावलं आणि दोरीचा खटका सोडून ती आपल्या मुठीत धरली. लेक ओरडली नाही. तिनं मनगट तोंडात घातलं आणि डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळानं फ्रॉकवर रक्ताचा ठिपका पडला, मग दुसरा.

“काकू, द्या ते तिला,” मी म्हणाले. “ते देवीचं नाही. मी मोबाईलवरून मागवलंय. चावायलाच असतं ते. मी खोटं बोलले.”

संबळ तेवढा वाजत राहिला. दोघींपैकी एक म्हणाली, “म्हंजे आमी रबराला हात जोडत हुतो?” ती तशीच बाहेर पडली, दुसरी तिच्यामागून. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो बसला, आणि माझी काही तक्रार नव्हती.

काकू मात्र थांबल्या. मोरीत गेल्या, चघळणीवरचं कुंकू स्वतः धुतलं आणि ती लेकीच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं देवीवरून बोलतील, माळेवरून बोलतील.

“मला खरं सांगायला काय झालतं?” त्या म्हणाल्या. “म्या ऐकलं नसतं व्हय?”

गल्लीतल्या सगळ्यांना मी ती सात-आठ वाक्यं ऐकवली होती, पण काकूंना एकदाही नाही. माळ तुटली त्या दिवशी त्या गप्प राहिल्या आणि मीही गप्प राहिले. त्या ऐकणार नाहीत, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी परडी उचलली. पीठ न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी बाईंना आणि मुलांना सगळं सांगितलं. बाईंनी खिळ्यावरून फूल काढलं, मला पाणी दिलं. मुलांना काहीच वाटलं नाही. एकानं विचारलं, “त्याची चव कशी हाय?” लेक आता पहिल्या ओळीतच बसते, चघळणी तोंडात. मनगटाचे वण फिकट होत आलेत. मला जे हवं होतं ते हेच, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे.

पण संध्याकाळी दारात कुणी येत नाही. त्यानंतर तीन मंगळवार गेले. तिन्ही वेळा मी वाटीत पीठ घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. तिन्ही वेळा ‘उदो’ शेजारच्या दारात ऐकू आलं. या मंगळवारी काकूंचा पदर माझ्या दाराच्या चौकटीला घासून गेला, इतक्या जवळून त्या गेल्या. हाक मारावी असं वाटलं. ती सात-आठ वाक्यं मी ओठांवर जुळवून ठेवली होती. हाक निघाली नाही.

वाटी ठेवून मी मशीनपाशी बसले आणि मला रडू आलं. रडताना आवाज होऊ नये म्हणून मी अंगठ्याचं नख दातात धरलं होतं. लेक कोपऱ्यातून उठली. ती कुणाच्या तोंडाकडं कधी बघत नाही, माझ्याही नाही. त्या दिवशी तिनं बघितलं. माझा हात धरून तोंडातून बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला, शाळेतल्या त्या मुलीनं तिचा ठेवला होता तसाच. मग स्वतःच्या तोंडातली चघळणी काढली, ओली, लाळ गळत असलेली, आणि माझ्या ओठांना लावली. दोरी आखूड होती, म्हणून तिला माझ्या गालाला गाल लावून उभं राहावं लागलं.

मी तोंड उघडलं आणि चावले.