भिंतींना पाणी पाजणारे मामा

राजस्थानात वाळू जास्त की आमच्या हिच्या मामांच्या घरात नळ जास्त, असं कोणी विचारलं तर मी तरी वाळूच्या बाजूने पैज लावणार नाही. मामा मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या इंजिनियरिंग पलटणीत हयात गेली, शेवटची बदली जयपूरला झाली, आणि तिथेच जगतपुऱ्याच्या तेव्हाच्या ओसाड माळावर त्यांनी घर बांधलं. लोक आधी घर बांधतात आणि मग त्यात नळ घालतात. मामांनी आधी नळ उभे केले आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून भोवती भिंती बांधल्या. छतात नळ, फरशीखाली नळ, भिंतींच्या पोटात नागमोडी नळ. अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचा भलामोठा टाका. उन्हाळ्यात टाक्यातलं गार पाणी पंपाने घरभर फिरायचं आणि भिंतींची धग घेऊन परत टाक्यात यायचं. हिवाळ्यात गच्चीवरच्या काळ्या रंगवलेल्या पिंपांत उन्हाने तापलेलं पाणी फरशीखालून हिंडायचं. पाणी सुटलं की घर असं गुडगुडे की नवख्या पाहुण्याला वाटावं, यजमानांचं पोट बिघडलंय. नळात हवा अडकली तर मामा गप्पा अर्ध्यावर टाकून पाना घेऊन उठत आणि भिंतीला ढेकर द्यायला लावत.

मी बँकेच्या बदलीवर जयपूरला गेलो तो भर मे महिन्यात. मामांनी ‘या जावईबापू’ म्हटलं, माझं मुंडकं धरलं आणि गाल भिंतीला लावला. "कसं वाटतंय?" पाणी विचारायच्या आधी हे! त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची अशीच सलामी होई. बाजारात एका गालाला चुना लागलेला माणूस दिसला की लोक ओळखत, हा फौजी साहेबांकडून आला.

हा सगळा खटाटोप मामींसाठी होता. त्यांना जुना दमा. शेगडीचा धूर लागला की छाती चोंदायची, वाळ्याच्या कूलरची दमट हवा लागली की ओठ निळे पडायचे. आणि माळावर वीज पाहुणीसारखी यायची नि चहा न घेताच जायची. मग मामा हातपंपाने पाणी फिरवत बसत. जाळणं या क्रियेचाच त्यांना राग. दूधवाल्याला फाटकाबाहेर विडी विझवावी लागे, देवापुढे उदबत्ती न पेटवताच ओवाळली जाई. "कोळसा जाळून ऊब करायची, आणि कोळशाच्याच विजेनं गारवा? ही काय अक्कल झाली, जावईबापू? ऊन फुकट आहे, जमिनीतला गारवा फुकट आहे. पाण्याला फक्त हमाली सांगायची!" मामी आतून म्हणत, "आणि हमालाच्या मुकादमाला जेवायला बोलवायचं. ताट वाढलंय." पण त्या गार खोलीत मामी दोन वाक्यं सलग बोलू शकत. बाहेर एकही नाही.

मग पाऊस रुसला. एक वर्ष रुसला तेव्हा लोक हसले, पुढच्या वर्षी रुसला तेव्हा गप्प झाले, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतले हापसे नुसते खोकायला लागले. टँकर यायचा म्हणे. मी तो पाहिला नाही. एका दुपारी मामांच्या फाटकाशी बायकामाणसं घागरी घेऊन उभी राहिली. कोणीतरी ओरडलं, "फौजी साहब के यहाँ दीवारें पानी पीती हैं, और हमारे बच्चे थूक निगलते हैं!"

मामा खडू घेऊन धावले. फाटकाच्या खांबावर टाका काढला, नळ काढले, बाण काढले. "पानी खर्च नहीं होता, भाई! सिर्फ घूमता है!"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तो साहब, थोड़ा हमारे पेट में भी घुमा दीजिए।"

मामांनी खडू खिशात टाकला. पाऊस येईपर्यंत नळ फिरवायला टाका पुरला असता. एवढी तोंडं आणि नळ, दोघांना पुरणार नव्हता. ते आत आले, मामींच्या खाटेजवळ उभे राहिले. मामींनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"उघडा झाकण."

"आणि तू?"

"मी गेले तर खांदा द्यायला तरी ही माणसं जिवंत राहू देत." मामी हसल्या आणि त्यांना खोकला आला. "उघडा म्हणते ना."

मामांनी स्वतः बादलीने पाणी काढून दिलं. नळांतून फिरून आलेलं गंजकट पाणी, लोकांनी फडक्याने गाळून, उकळून प्यायलं. पोरांच्या जिभा विडा खाल्ल्यासारख्या तांबड्या झाल्या. टाक्याचा तळ दिसला, पंप कोरडा ओरडला, आणि भिंती तव्यासारख्या तापल्या. ओली चादर टांगावी तर दमट हवेने दमा उसळणार. मामा पंख्याने वारा घालत बसले. हात बदलायचे, पंखा थांबायचा नाही. ज्येष्ठ सरायच्या आत मामी गेल्या. खांद्याला सगळी वस्ती होती. मामांना तिरडीला हात लावायलाही जागा मिळेना. पाऊस आला तो नंतर, आणि वेड्यासारखा आला.

पुढच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो. टाका काठोकाठ भरलेला, आणि घर भट्टीसारखं. माझा सदरा अंगाला चिकटला होता.

"मामा, पंप तरी लावा!"

"कशाला? मला कुठं उकडतंय?" हे म्हणताना घाम त्यांच्या भुवयांवरून टपटपत होता. मग माझ्याकडे पाहून ते ओशाळले. "तुम्ही पाहुणे. लावतो की तुमच्यासाठी." उठून त्यांनी पंप लावला, आणि हळूहळू खोली निवू लागली.

"हं, बसा गारव्यात," असं म्हणून मामा बाहेर गेले आणि घराकडे पाठ करून उन्हातल्या पायरीवर बसले. बराच वेळ झाला तरी आत येईनात. लूचा गरम वारा त्यांच्या अंगावर धूळ टाकत होता.

मी पंप बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोडंसं सरकून मला जागा मात्र करून दिली.

"आज वारा बरा आहे, नाही?" ते म्हणाले.

"बरा आहे," मी म्हणालो.