शॉकच्या खोलीतले सुपडूआबा

जुन्या इस्पितळातल्या नर्स जयाबेनचा फोन आला तेव्हा मी बारडोलीच्या माझ्या दवाखान्यात होते, बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. "बेन, सुपडूभाई गुजरी गया," एवढंच ती म्हणाली. हृदयविकाराचा झटका, मंगळवारी, अंघोळीला जाता जाता. निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. मी फोन ठेवला आणि पुढचा पेशंट आत बोलावला. त्या दिवशी सगळे पेशंट तपासले, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी जाऊन जेवलेही. कुणाला काही बोलले नाही. न बोलण्याची मला जुनी सवय आहे... आणि तिची सुरुवात कुठे झाली हे सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. सुरतेतल्या एका सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात मी एम.डी. करत होते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवून दोन खोल्यांत एक छोटी प्रयोगशाळा थाटली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण शिपायापासून पेशंटपर्यंत सगळे तिला शॉकची खोली म्हणत. तीव्र नैराश्यात, खाणंपिणं सोडलेल्या माणसाला भूल देऊन मेंदूतून काही सेकंद वीज सोडायची, हा उपचार जुनाच. त्यानंतर पेशंटची आठवण काही काळ विस्कटते. दोन्ही कानशिलांऐवजी एकाच बाजूने वीज दिली तर आठवण कमी जाते का, हे सरांना शोधायचं होतं, आणि तोच माझ्या प्रबंधाचा विषय.

सुपडूआबा त्या खोलीतले अटेंडंट. मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेला आले, दहा-बारा वर्षं कापड विणायचा लूम चालवला, एका कानाने ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा ओळखीने इस्पितळात लागले. शिक्षण चौथीपर्यंत. वीज देण्याआधी पेशंटच्या दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवायचं काम त्यांचं, कारण भूल दिली तरी त्या क्षणी जबडा जोरात आवळला जातोच. आबा तो ठोकळा आधी तळहातात धरून कोमट करत. का, विचारलं तर म्हणाले, "थंडगार वस्तू तोंडात घालू नाही, ताई. माणूस झोपेत पण दचकतो."

पेशंट शुद्धीवर येताना त्याला प्रश्न विचारून उत्तरं टिपायची, ही माझी जबाबदारी. प्रश्न एका परदेशी यादीतून घेतलेले होते: देशाचे पंतप्रधान कोण, आज तारीख काय. आबा आठवडाभर ऐकत राहिले आणि मग एकदा हळूच म्हणाले, "या बाया चांगल्या असतात तेव्हा तरी त्यांना तारीख माहीत असते का? त्यांना विचारा, घरी कालवण कशाचं केलं होतं. गावाहून येताना गाडीत कोण सोबत होतं." मी ते सरांना सांगितलं. सरांनी यादी बदलली आणि पहिल्यांदाच आम्हाला उपयोगाची उत्तरं मिळू लागली. पुढे आमचा शोधनिबंध छापून आला, त्यात 'स्थानिक परिस्थितीनुसार बदललेली प्रश्नावली' असा उल्लेख आहे. आबांचा नाही. पण ही चूक त्यातल्या त्यात लहान.

ज्या सकाळची गोष्ट सांगायची आहे, त्या दिवशी अहमदाबादहून दोन प्राध्यापक आमचं काम बघायला येणार होते. पाच पेशंट होते. प्रत्येकाच्या कागदावर एक ओळ असायची: 'हलणारे दात तपासले.' त्यापुढे निवासी डॉक्टरने तोंड उघडून बघून खूण करायची आणि सही. पाचवी पेशंट चलथाणची होती, साखर कारखान्यातल्या एका कामगाराची बायको. तीन आठवडे ती बोललेली नव्हती. मी तोंड उघडा म्हटलं तर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिली. दोनदा सांगितलं. घड्याळात साडेदहा वाजत आलेले. बाहेर सरांचा आवाज ऐकू आला, आणि मी 'होय'वर खूण करून सही ठोकली.

तिला टेबलावर घेतलं, भूल चढू लागली. ठोकळा हातात धरून आबांनी विचारलं, "ताई, दात पाहिले ना?"

"पाहिले," मी म्हणाले.

वीज दिली, जबडा आवळला आणि बाजूचा एक किडलेला दात तुटून घशात गेला. तिचा चेहरा निळा पडला. भूलतज्ज्ञांनी आणि जयाबेनने धावपळ करून तो दात काढला. दोन दिवस बाई अतिदक्षता विभागात होती... वाचली. मी कोपऱ्यात उभी होते, माझ्या हातात तिचा कागद होता.

चौकशी झाली. कागद म्हणत होता, दात तपासलेले होते. म्हणजे दात पक्के होते. म्हणजे ठोकळा वाकडा बसला असणार. आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी नीटच बसवला असं मला वाटतं. पण दात तर ताईंनी पाहिले होते. मग माझाच हात चुकला असेल." हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. माझे वडील पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्तर होते, घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली, परीक्षा चार महिन्यांवर. ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. त्या क्षणी मात्र मनात एकही कारण नव्हतं, नुसती भीती होती.

आबांची बदली धुलाईघरात झाली. मी पास झाले आणि त्याच इस्पितळात राहिले. प्लेगची साथ आली, अर्धं शहर गाठोडी बांधून स्टेशनाकडे धावत होतं, तेव्हा आबा तोंडाला फडकं बांधून प्लेगच्या वॉर्डातल्या चादरी उकळत होते. मी त्यांना त्या धुलाईघरात पाठवलं होतं, हे ठाऊक असलेली इस्पितळात मी एकटीच. धुलाईघराकडचा रस्ता मी टाळायचे, तरी अधूनमधून गाठ पडायची. दर वेळी ते एकच विचारत, "ती चलथाणची बाई बरी आहे ना?" मी म्हणायचे, बरी आहे, आबा. खरंच बरी होती, सासरी नांदत होती. "मग चांगलं झालं," म्हणत ते ढकलगाडी पुढे नेत. दर वेळी मला बोलता आलं असतं. पूर्ण वाक्य मनात तयार असायचं.

फोन आल्यानंतर पंधरा दिवसांनी मी सुरतेत लिंबायतला त्यांच्या घरी गेले. मुलगा कामावर गेलेला; त्यांच्या पत्नी सुंदरबाई, सून आणि पाच वर्षांची नात घरात. सुंदरबाईंनी चहा दिला. मी सुरुवात कशी करावी या विचारात असताना त्याच बोलू लागल्या. त्या बाईचा प्रसंग घरात सगळ्यांना माहीत होता. आबांनीच सांगितला होता, 'माझ्या हातून एका बाईचा जीव जाता जाता राहिला' म्हणून. नातीचं उष्टावण होतं तेव्हा पाहुणे जमले, खिरीची वाटी आबांपुढे धरली, तर ते मागे सरकले. म्हणाले, दुसऱ्या कुणीतरी भरवा, माझा हात तोंडाजवळ नको. "कधीच भरवं नही त्यासनी तिले," सुंदरबाई म्हणाल्या. "आजारी पडनी तरी औषध मीच पाजू."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांची खोली हिरावून घेतली. मी काय घेतलं होतं ते त्या वाटीपाशी कळलं.

मग मी सांगितलं. कागदावरची खूण, मिटलेले ओठ, त्यांचा प्रश्न आणि माझं उत्तर. अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. सून दारात थांबून ऐकत होती. सुंदरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, ते गुंडाळणं थांबलं. त्या शिव्या देतील, उठून जायला सांगतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"हे त्यासले सांगाले पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. हे वर्तमानपत्रात लिहू का, असं विचारलं. त्यांनी मुलाला विचारते म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात मुलाचा निरोप आला की लिहा, नावासकट लिहा. म्हणून लिहिलं.

पण त्या दिवशी मी चप्पल घालत असताना त्यांनी नातीला जवळ बोलावलं. पोरगी जिन्यात भातुकली मांडून बसली होती, नाखुशीनेच उठून आली. सुंदरबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आयक," त्या म्हणाल्या, "तुना आबाना हातमा काही खोट नव्हती." पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे. "माले माहीत शे," ती म्हणाली, आणि परत खेळायला गेली.